युरोपात माल विकायचा आहे? सीई चिन्ह, रीच नोंदणी आणि महाड-पोलादपूरच्या उद्योजकांसाठी कामाची माहिती

महाड आणि पोलादपूर तालुक्यातल्या बऱ्याच घरांतलं कोणी ना कोणी बाहेर आहे. कोणी आखातात, कोणी ब्रिटनमध्ये, कोणी दक्षिण आफ्रिकेत. त्यामुळे "भाई, तिकडे आपला माल का नाही पाठवत?" हा प्रश्न घराघरात होतो. महाडची एमआयडीसी दाराशी आहे, मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो आणि न्हावा-शेवा बंदर आपल्याच जिल्ह्यात आहे. माल बनवणारे हात आहेत, घेणारी ओळख आहे. अडतं ते कागदावर.

या कागदाच्या नावावर फसवणूकही होते. "दहा हजार द्या, आठवड्यात युरोपचं सर्टिफिकेट देतो" असं सांगणारे एजंट सगळीकडे भेटतात. असा कागद घेऊन माल पाठवला आणि तो तिकडच्या बंदरात अडकला, तर माल, भाडं आणि ग्राहक तिन्ही जातात. म्हणून कोणत्या मालाला कोणता नियम लागतो, ते सोप्या भाषेत एकत्र देत आहोत. लेख जपून ठेवा, कामाला येईल.

सीई म्हणजे काय?

सीई ही ‘कॉन्फॉर्मिते युरोपेएन’ या फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं. अर्थ असा की, वस्तू युरोपीय संघाच्या सुरक्षा, आरोग्य आणि पर्यावरणाच्या नियमांप्रमाणे बनली आहे. १९९३ च्या एका निर्देशाने हे चिन्ह सगळीकडे एकसारखं झालं. ते लावलेली वस्तू युरोपीय संघाच्या सर्व २७ देशांत विकता येते, प्रत्येक देशात वेगळी तपासणी लागत नाही. चिन्हाची उंची किमान ५ मिलिमीटर असावी लागते.

इथे एक मोठा गैरसमज आहे. आपल्याला आयएसआय चिन्हाची सवय आहे. आयएसआयसाठी भारतीय मानक ब्यूरो परवाना देतं, तो मिळाल्याशिवाय चिन्ह लावता येत नाही. सीईचं तसं नाही. सीईचा परवाना देणारं कोणतंही सरकारी कार्यालय नाही. माल बनवणारा स्वतः तपासणी करतो, कागदपत्रं तयार करतो, आपल्या सहीने जाहीर करतो की माल नियमात आहे, आणि स्वतःच चिन्ह लावतो. ही एक प्रकारे दिलेली जबान आहे. उद्या माल सदोष निघाला तर सही करणाऱ्याला जबाब द्यावा लागतो. एजंट त्यात कुठेच नसतो.

कोणत्या मालाला सीई लागतं?

सीई सगळ्या वस्तूंना लागत नाही. ठरावीक गटांनाच लागतं. त्यातले आपल्या कामाचे गट असे:

• यंत्रं आणि त्यांचे सुरक्षेचे भाग
• विजेच्या वस्तू (एसी ५० ते १००० व्होल्ट, डीसी ७५ ते १५०० व्होल्ट)
• ब्लूटूथ, वायफाय अशी रेडिओ लहरींवर चालणारी उपकरणं
• १४ वर्षांखालील मुलांची खेळणी
• मास्क, हातमोजे, गॉगल, सेफ्टी बूट अशी संरक्षक साधनं
• वैद्यकीय उपकरणं
• दाबाखालची भांडी, म्हणजे प्रेशर व्हेसल, आणि गॅसची उपकरणं
• बांधकामाचं बरंचसं साहित्य

आणि लागत नाही कशाला? खाद्यपदार्थ, मसाले, आंबा, रसायनं, अत्तर, सुरमा, मेहंदी, साधे कपडे, साधं फर्निचर. या वस्तूंवर सीई लावणं उलट बेकायदा आहे. मसाल्याच्या पाकिटासाठी कोणी "सीई सर्टिफिकेट" विकत असेल, तर तो फसवतोय हे तिथेच ओळखा. याचा अर्थ या वस्तूंना नियम नाहीत असा नाही. त्यांचे नियम वेगळे आहेत, ते पुढे दिले आहेत.

सीईची पद्धत, पायरी पायरीने

१. आपली वस्तू कोणत्या नियमात बसते ते शोधा. एका वस्तूला दोन-तीन नियम लागू शकतात. बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्याला खेळण्यांचा नियम लागतो, शिवाय विजेच्या उपकरणांचाही.

२. त्या नियमाची मानकं पाहा. खेळण्यांसाठी ‘ईएन ७१’ ही मालिका आहे. तिच्या पहिल्या भागात टोकदार कडा आणि सुटणारे भाग, दुसऱ्यात आग पकडणं, तिसऱ्यात रंगातून बाहेर येणारे शिशासारखे घटक तपासतात.

३. वस्तूची चाचणी करा. भारतात एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळा आहेत. तिच्या मान्यतेच्या यादीत तुमचं नेमकं मानक आहे का, ते आधी विचारा.

४. धोका जास्त असलेल्या वस्तूंना ‘अधिसूचित संस्थेची’ तपासणी सक्तीची आहे. ही संस्था युरोपीय देशांच्या सरकारांनी नेमलेली असते आणि तिला चार आकडी क्रमांक असतो. काही संस्थांची कार्यालयं मुंबई-पुण्यातही आहेत.

५. तांत्रिक फाइल तयार करा: नकाशे, कच्च्या मालाची यादी, धोक्यांचा विचार, चाचणी अहवाल, वापराच्या सूचना. शेवटची वस्तू बाजारात गेल्यानंतर ही फाइल साधारण १० वर्षं सांभाळावी लागते.

६. अनुरूपतेच्या घोषणापत्रावर सही करा. मग चिन्ह लावा.

७. युरोपात एक जबाबदार व्यक्ती किंवा कंपनी नेमा. १६ जुलै २०२१ पासून सीईच्या बऱ्याच वस्तूंना ही अट आहे. १३ डिसेंबर २०२४ पासून सर्वसाधारण उत्पादन सुरक्षा नियमामुळे जवळपास सगळ्याच ग्राहकोपयोगी वस्तूंना ती लागू झाली. त्या व्यक्तीचं नाव-पत्ता वस्तूवर, वेष्टनावर किंवा सोबतच्या कागदावर हवा. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही सूट नाही.

या सातव्या पायरीसाठी पॅरिस किंवा बर्लिनमधल्या नातेवाईकाचं नाव टाकावं असं अनेकांच्या मनात येतं. कायद्याने ते अशक्य नाही. पण आधी त्याला स्पष्ट सांगा की, तक्रार आली तर तिकडचं सरकार त्याच्या दारात जाईल, कागद त्याच्याकडे मागेल. न सांगता नाव टाकणं म्हणजे नात्याचा गैरफायदा घेणं आहे.

खेळण्यांचं उदाहरण: सावंतवाडी

कोकणातली सावंतवाडीची लाकडी खेळणी सगळ्यांना माहीत आहेत. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचं झालं, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट मिळाली. युरोपात अशी सूट नाही. हाताने बनवलेलं असो की यंत्राने, मुलाच्या हातात जाणाऱ्या खेळण्याला सीई हवंच. काही जण त्यावर "शोभेची वस्तू" असं लिहून मोकळे होतात. पण वस्तू दिसायला खेळण्यासारखी असेल, तर तिकडचे अधिकारी तिला खेळणंच धरू शकतात. रंग कोणता वापरला, त्यात शिसं आहे का, हे विचारलं जातं. तेव्हा रंगाच्या दुकानदाराकडून लेखी माहिती आधीच घेऊन ठेवा.

महाडचा खरा विषय: रसायनं आणि ‘रीच’

महाड एमआयडीसीत रसायनं, औषधांचा कच्चा माल, रंगद्रव्यं, सुगंधी रसायनं बनतात. सुदर्शन केमिकल, लक्ष्मी ऑर्गॅनिक, प्रिवी अशा निर्यात करणाऱ्या कंपन्यांचे कारखाने इथे आहेत. या मालाला सीई नाही, ‘रीच’ लागतं. महाड-पोलादपूरच्या हजारो घरांची चूल या कारखान्यांवर पेटते. म्हणून हा नियम कामगाराच्या घरीही माहीत असावा.

रीच हा युरोपीय संघाचा २००६ चा कायदा, १ जून २००७ पासून लागू. त्याचं कार्यालय फिनलंडची राजधानी हेलसिंकी इथे आहे. त्याचं सार एका वाक्यात सांगायचं तर, माहिती नाही तर बाजार नाही. एका आयातदारामार्फत वर्षाला १ टन किंवा त्याहून जास्त रसायन युरोपात जाणार असेल, तर त्याची नोंदणी हवी. टन जितके जास्त, तितकी चाचण्यांची माहिती जास्त द्यावी लागते. १० टनांच्या पुढे सुरक्षा अहवालही लागतो. जुन्या रसायनांसाठी २०१०, २०१३ आणि ३१ मे २०१८ अशा तीन मुदती होत्या, त्या संपल्या. आता नोंदणीशिवाय माल पाठवताच येत नाही.

भारतातला कारखानदार ही नोंदणी थेट करू शकत नाही. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. पहिली, तिकडचा आयातदार नोंदणी करतो. मग कारखाना त्या एका ग्राहकाला बांधला जातो. त्याने भाव पाडला तरी दुसऱ्याकडे लगेच जाता येत नाही. दुसरी वाट, कारखाना युरोपात स्वतःचा ‘एकमेव प्रतिनिधी’ नेमतो आणि त्याच्या नावाने नोंदणी करतो. यात खर्च आपला, पण माल कोणालाही विकता येतो. लहान उद्योगांना नोंदणी शुल्कात सवलत आहे. मात्र चाचण्यांच्या माहितीत वाटा मिळवण्यासाठी द्यावी लागणारी रक्कम शुल्कापेक्षा बरीच जास्त असू शकते, तिचा हिशोब आधी करा.

रंगांच्या धंद्यातला एक धडा विसरू नये. १९९४ मध्ये जर्मनीने काही ॲझो रंगांवर बंदी घातली, कारण त्यांतून कर्करोगाला कारणीभूत ठरणारे घटक सुटतात. त्याचा धक्का भारताच्या रंग आणि कापड उद्योगाला बसला. पुढे १९९७ पर्यंत भारत सरकारनेही एकूण ११२ रंगांवर बंदी आणली. आज युरोपात कातडीला लागणाऱ्या कापडात किंवा चामड्यात असे घटक किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर चालत नाहीत. शिवणकाम करणाऱ्या बचत गटांनी तिकडे कपडे पाठवताना कापड विक्रेत्याकडून हाच अहवाल मागावा.

लाकडी पॅलेट आणि खोके

हा मुद्दा छोट्या सुतारकामवाल्यांसाठी आहे. रसायनांचे ड्रम ज्या लाकडी पॅलेटवर जातात, त्या लाकडात किडा असेल तर तिकडचं जंगल धोक्यात येतं. म्हणून ‘आयएसपीएम १५’ हा जागतिक नियम आहे. लाकूड तापवून त्याच्या गाभ्याचं तापमान ५६ अंश सेल्सियस व्हावं आणि ते सलग ३० मिनिटं राहावं. मग गव्हाच्या ओंबीचं ठरलेलं चिन्ह मारलं जातं. हा ठसा मान्यताप्राप्त केंद्रालाच मारता येतो. ठसा नसलेल्या पॅलेटमुळे आतला चांगला मालसुद्धा परत येऊ शकतो. नुसता ठसा बनवून मारणारे स्वतः तर अडकतातच, ज्या कारखान्याला पॅलेट दिलं त्यालाही अडकवतात.

अत्तर, सुरमा, मेहंदी

आपल्या घरांतून तिकडे सगळ्यात जास्त विचारणा होते ती याच वस्तूंची. युरोपात त्या सौंदर्यप्रसाधनांच्या नियमात येतात. विकायचं असेल तर युरोपात जबाबदार व्यक्ती, पात्र तज्ज्ञाचा सुरक्षा अहवाल आणि युरोपीय पोर्टलवर नोंद, या तिन्ही गोष्टी लागतात. अत्तराच्या बाटलीवर ॲलर्जी करणाऱ्या सुगंधी घटकांची नावं छापावी लागतात. पूर्वी ही यादी २६ घटकांची होती, २०२३ च्या दुरुस्तीने ती ८० च्या वर गेली.

सुरम्याबाबत स्पष्ट बोलायला हवं. पारंपरिक सुरम्यात बहुतेकदा शिशाचं संयुग असतं. युरोपात प्रसाधनात शिसं पूर्ण बंद आहे आणि त्यामागे कारण आहे. शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला इजा करतं. डोळ्याला लावलेला सुरमा हाताला लागतो, हात तोंडात जातो. म्हणून तो तिकडे विकू नकाच, पण आपल्या घरातल्या बाळाच्या डोळ्यांतही शिसं नसल्याची खात्री असल्याशिवाय घालू नका. ‘काळी मेहंदी’चंही तसंच आहे. तिच्यात केसांच्या रंगातलं पीपीडी नावाचं रसायन मिसळतात. कातडीवर त्याने फोड येतात, आणि युरोपात कातडीसाठी ते चालत नाही. पानांची शुद्ध मेहंदी वेगळी.

मसाला, आंबा, भाजी

खाण्याच्या मालात कागदाआधी माल शुद्ध हवा. २००३ मध्ये फ्रान्समध्ये भारतातून गेलेल्या मिरची पावडरीत ‘सुदान रेड’ हा कापड-तेलाचा रंग सापडला आणि युरोपने तपासणी सक्तीची केली. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये अशाच भेसळीमुळे चारशेहून जास्त खाद्यपदार्थ दुकानांतून परत काढावे लागले. मिरची, हळद, मिरी यांत बुरशीमुळे होणाऱ्या अफ्लाटॉक्सिनची एकूण मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम आहे. आपल्या पावसाळ्यात मिरची दमट राहिली की बुरशी येते, म्हणून पहिली काळजी वाळवण्याची आणि साठवण्याची.

आंब्याचा किस्सा तर आपल्या जिल्ह्याचाच. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रायगडही आहे. पण त्याआधी १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारखी कीड सापडली होती. आंब्याबरोबर वांगी, कारली, पडवळ आणि अळूची पानंही बंद झाली. ऐन हंगामात बागायतदारांचं नुकसान झालं. मग उष्णजल प्रक्रियेची व्यवस्था लावली, वाशीला पणन मंडळाचं केंद्र आहे. ४८ अंश पाण्यात ६० मिनिटं आंबा ठेवतात, अधिकारी तपासतात, मग फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र मिळतं. बंदी मुदतीआधीच, जानेवारी २०१५ मध्ये उठली. काही जणांच्या निष्काळजी खेपांची किंमत सगळ्यांनी मोजली.

मासळीसाठी निर्यात तपासणी परिषदेची मान्यता असलेल्या प्रक्रिया केंद्रातूनच माल जातो. सावित्रीच्या खाडीतला ताजा मासा घरून थेट पाठवता येत नाही.

ब्रिटनचं वेगळं काय?

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून ‘यूकेसीए’ हे नवं चिन्ह आलं. आधी ते सक्तीचं होणार होतं. पण २०२३ मध्ये सरकारने बहुतेक वस्तूंना सीई चिन्हही बेमुदत चालेल असं जाहीर केलं. रसायनांसाठी मात्र ‘यूके रीच’ वेगळं आहे, युरोपची नोंदणी तिथे चालत नाही. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. अशा कराराने जकात कमी होते, सुरक्षेचे नियम माफ होत नाहीत.

खोटं प्रमाणपत्र कसं ओळखायचं?

कोरोनाच्या काळात, २०२० मध्ये, मास्कसाठी "सीई प्रमाणपत्रं" धडाधड वाटली गेली. देणाऱ्या कित्येक संस्थांना तो अधिकारच नव्हता. युरोपातल्या संरक्षक साधनांच्या संघटनेला संशयास्पद कागदांची यादी जाहीर करावी लागली. यावरून घ्यायची खबरदारी:

• प्रमाणपत्रावर चार आकडी क्रमांक आहे का? तो युरोपीय आयोगाच्या ‘नँडो’ या मोफत ऑनलाइन यादीत टाकून पाहा.
• ती संस्था त्याच वस्तूसाठी नेमलेली आहे का? खेळण्यांची संस्था मास्क तपासू शकत नाही.
• "ऐच्छिक प्रमाणपत्र" असं बारीक अक्षरात लिहिलंय का? मग कायद्याने त्याला किंमत नाही.
• नमुना न मागता, चाचणी न करता कोणी प्रमाणपत्र देत असेल तर तिथूनच सलाम करा.

हे कामगारांसाठीही महत्त्वाचं आहे. एमआयडीसीत धूळ-वाफेत काम करताना मिळणारा मास्क बघा. खरा युरोपीय मास्क असेल तर सीईच्या बाजूला चार आकडे असलेच पाहिजेत, कारण श्वसनाचं साधन सगळ्यात वरच्या धोका-गटात येतं. भारतीय मास्कवर आयएसआय आणि ‘आयएस ९४७३’ पाहा. दोन्हीपैकी काहीच नसेल तर सुपरवायझरला विचारा. विचारणं हा तुमचा हक्क आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*हलाल प्रमाणपत्र आहे, मग युरोपात चालेल ना?*
दोन्ही वेगळ्या गोष्टी. हलाल प्रमाणपत्र ग्राहकाच्या श्रद्धेसाठी, ते सरकारी सुरक्षा नियमाची जागा घेत नाही.

*सीई म्हणजे ‘चायना एक्स्पोर्ट’ असतं का?*
नाही, ही ऐकीव गोष्ट आहे. असं कोणतंही अधिकृत चिन्ह नाही. मात्र सीई चुकीच्या पद्धतीने लावलेला माल बाजारात असतो.

*आखातासाठी सीई चालतं का?*
आखाती देशांत खेळणी आणि विजेच्या काही वस्तूंना ‘जी-मार्क’ लागतं. सीईसाठी केलेल्या चाचण्यांचा उपयोग होऊ शकतो, पण चिन्ह वेगळं.

*लंडन-पॅरिसला जाताना बॅगेत आंबा न्यावा का?*
युरोपीय संघात फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राशिवाय आंबा नेता येत नाही. केळी, नारळ, अननस, खजूर, डुरियन यांना सूट आहे. ब्रिटनचे नियम त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर वेगळे पाहा. मटण आणि दुधाचे पदार्थ कुठेच नेऊ नका.

*सुरुवात कुठून करायची?*
उद्यम नोंदणी करा, ती मोफत आहे. पॅनवर आधारित आयात-निर्यात कोड ऑनलाइन काढा, शुल्क ५०० रुपये. अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात चौकशी करा. युरोपातल्या ग्राहकाकडून "कोणते नियम, कोणते अहवाल लागतील" हे ईमेलवर लेखी घ्या. त्यानंतरच चाचणीवर पैसे खर्च करा. आणि पहिली खेप छोटीच पाठवा.

युरोपीय आयोग ‘सेफ्टी गेट’ नावाची यादी दर आठवड्याला जाहीर करतो. कोणत्या देशातून आलेली कोणती वस्तू धोकादायक ठरली, हे त्यात फोटोसह असतं आणि कोणालाही पाहता येतं. धंदा सुरू करण्याआधी आपल्यासारखी वस्तू त्यात का अडकली, हे तासभर बसून वाचा. ज्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं, ती आपल्याला फुकटात कळते.